बाळंतिणीचं रक्त मोजायचं कसं, आणि का

ऑक्टोबर २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि सुईणींच्या आंतरराष्ट्रीय महासंघांना सोबत घेऊन एक नवी मार्गदर्शिका काढली. बाळंतपणानंतर बाईच्या अंगावरून किती रक्त गेलं की उपचारांना लागायचं, हा आकडा तिने बदलला. आजवर साध्या प्रसूतीसाठी तो ५०० मिलिलिटर होता. आता ३०० मिलिलिटर रक्त गेलं आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडायची चिन्हं दिसू लागली, तर ५००ची वाट न बघता लगेच हात चालवा, असं तिचं सांगणं आहे.

दोनशे मिलिलिटरने असा काय फरक पडतो? हे उलगडलं की बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरच्या कामाचा एक मोठा, घरच्यांना कधीच न दिसणारा भाग समजतो. बाळ रडलं, पेढे आणायला माणूस धावला, तेव्हा लेबर रूमच्या आत डॉक्टर आणि सिस्टर बाळाकडे कमी आणि बाळंतिणीच्या पोटाकडे जास्त बघत असतात.

प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाला डॉक्टरांच्या बोलण्यात ‘पीपीएच’ म्हणतात. जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ४० लाख बायकांना तो होतो आणि सुमारे ४५ हजार बायका त्यात दगावतात. यातले बहुतेक मृत्यू टाळता येतात, म्हणूनच ते जास्त जिव्हारी लागतात.

## रक्त येतं कुठून आणि थांबतं कसं

गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त जवळपास ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. दिवस भरत आले की गर्भपिशवीकडे मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त जात असतं. हे सगळं वारेसाठी, म्हणजे वारेतून बाळासाठी. बाळ बाहेर आलं, पाठोपाठ वार सुटली, की ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्या तशाच उघड्या राहिल्या तर काही मिनिटांत काय होईल, याचा हिशोब वरच्या आकड्यावरून ज्याचा त्याने करावा.

निसर्गाने यावर केलेली तजवीज फार सुंदर आहे. गर्भपिशवीच्या स्नायूंचे धागे आडवे-तिडवे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीतून जातात. वार सुटल्यावर पिशवी जोरात आकसते आणि बटव्याची दोरी ओढल्यावर तोंड मिटावं तशा या वाहिन्या आवळल्या जातात. रक्त गोठण्याची क्रिया त्यानंतर मदतीला येते. पण पहिला बांध स्नायूंचा असतो.

हा बांध घातला गेला नाही, पिशवी सैलच राहिली, तर रक्त वाहत राहतं. दहापैकी साधारण सात वेळा पीपीएचचं कारण हेच असतं. बाळ मोठं होतं, जुळी होती, कळा फार लांबल्या, आधीची बरीच बाळंतपणं झालीत, अशा बायकांत पिशवी सैल पडण्याची शक्यता जास्त. उरलेल्या वेळी कुठे तरी फाटलेलं असतं, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, किंवा रक्तच गोठत नसतं. यातलं कारण कोणतं हे ओळखणं महत्त्वाचं, कारण फाटलेल्या जागेतून रक्त येत असताना पिशवी आवळण्याची औषधं कितीही दिली तरी ते थांबणार नाही. तिथे टाकेच लागतात.

आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी अशी आहे: अतिरक्तस्राव होणाऱ्या बऱ्याच बायकांत आधी धोक्याचं काहीही नसतं. तपासण्या ठीक, सोनोग्राफी ठीक, बाळंतपण सरळ, आणि तरीही. त्यामुळे ‘ही धोक्याची, ही बिनधोक्याची’ अशी आधीच वाटणी करून निर्धास्त होण्याची सोय या डॉक्टरला नसते. प्रत्येक बाळंतिणीवर सारखंच लक्ष ठेवावं लागतं, रात्री तीन वाजता आणि दिवसभराच्या ओपीडीनंतरसुद्धा.

## वार पडल्यानंतरचा तास

बाळ जन्मल्याबरोबर, शक्यतो मिनिटभरात, आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं जातं. ते पिशवी आकसायला लावतं. मग पोटावर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने नाळेला बेताचा ताण देत वार काढतात आणि ती पूर्ण आहे का हे उलटसुलट करून बघतात. मग पोटावरून पिशवी चाचपतात. घट्ट लागली तर ठीक. मऊ लागली, तर चोळून ती आकसते का ते बघायचं. लघवीची पिशवी भरलेली असेल तर तीही गर्भपिशवीला आकसू देत नाही, म्हणून ती रिकामी करायची. फाटलंय का ते उजेडात नीट बघायचं. नाडी, रक्तदाब, पिशवी आणि रक्त, दर १५ मिनिटांनी.

यात डोळे दिपवणारं काही नाही. यातलं बरंचसं काम सिस्टरच करतात आणि चांगल्या सिस्टरच्या हाताला पिशवी सैल पडल्याचं जे कळतं ते मॉनिटरला कळत नाही. माझ्या मते बाळंतपणासाठी रुग्णालय निवडताना लोक खोलीचा एसी बघतात, त्याऐवजी रात्रपाळीला किती अनुभवी सिस्टर असतात हे विचारायला हवं.

ऑक्सिटोसिनबद्दल थोडं. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावं लागतं. उन्हाळ्यात तासन्‌तास वीज गेलेल्या आरोग्य केंद्रात फ्रिजबाहेर राहिलेली कुपी दिसायला तशीच दिसते, पण तिचा जोर कमी झालेला असू शकतो. म्हणून फ्रिज, त्यातला थर्मामीटर आणि त्याची नोंदवही हीसुद्धा बाळंतिणीचा जीव वाचवण्याची साधनंच आहेत. थंडाव्याची गरज नसलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या याच अडचणीवर उपाय म्हणून पुढे आल्या. त्यांची एक गाजलेली चाचणी बेळगावच्या ग्रामीण भागात झाली. तिथे गावपातळीवरच्या परिचारिकांनी १,६२० बायकांच्या बाळंतपणात निम्म्या जणींना ही गोळी दिली. गोळी न मिळालेल्या गटात पीपीएचचं प्रमाण १२ टक्के होतं, गोळी मिळालेल्या गटात ते ६.४ टक्क्यांवर आलं. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले.

## डोळ्यांचा अंदाज इतका का चुकतो

बाळंतपणात रक्त एका भांड्यात साठत नाही. ते चादरीत मुरतं, कापसात आणि पॅडमध्ये शोषलं जातं, टेबलाखाली ओघळतं, गर्भजलात मिसळतं, गाठींच्या रूपात पडतं. ‘फार नाही, दोनेकशे असेल’ असं अनुभवी माणूसही सहज म्हणून जातो. आणि जितकं जास्त रक्त जातं तितका अंदाज जास्त कमी पडतो.

यावरचा साधा उपायही बेळगावच्याच संशोधनातून पुढे आला. बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायचं प्लास्टिकचं कापड, त्याच्या टोकाला नरसाळ्यासारखा निमुळता खिसा आणि त्या खिशावर मापाच्या रेघा. रक्त खिशात उतरतं, आकडा वाचता येतो. हे कापड वापरून केलेल्या मापाशी डोळ्यांच्या अंदाजाची तुलना केली, तेव्हा डोळ्यांनी सुमारे ३३ टक्के कमी रक्त ‘पाहिलं’ होतं. ५०० गेलं असेल तर नजरेला साडेतीनशेच्या आत दिसलं, असा याचा अर्थ.

आता शरीराकडे बघू. तरुण बाईचं शरीर रक्त कमी होत असताना खूप वेळ तग धरतं. नाडी वेगाने चालू लागते, हातपाय गार पडतात, पण रक्तदाब टिकून राहतो. लिटरभर रक्त जाईपर्यंतसुद्धा तो बराचसा ठीक दिसू शकतो, आणि मग एकदम कोसळतो. तोपर्यंत ती बोलत असते, बाळाला जवळ मागत असते. डोळे फसवतात, रक्तदाब उशिरा सांगतो, म्हणून मापाचा आकडा आणि नाडी यांवर विसंबायचं. आकडा ३००वर आणण्यामागे हाच विचार आहे.

## सगळं एकदम, पायरी-पायरीने नाही

रक्त जास्त जातंय असं कळल्यावर पूर्वी एकेक उपाय करून बघायची पद्धत होती. आधी पोट चोळायचं, थोडं थांबायचं, मग इंजेक्शन, पुन्हा थांबायचं, मग सलाईन. या थांबण्या-थांबण्यात अर्धा तास निघून जायचा.

बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या पुढाकाराने केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत एक मोठी चाचणी झाली. दोन लाखांहून जास्त बाळंतपणं तिच्यात आली. निम्म्या रुग्णालयांत दोन बदल केले. मापाचं कापड प्रत्येकीखाली अंथरलं, आणि मर्यादा ओलांडली की सगळे उपाय एकाच वेळी सुरू केले: पिशवी चोळणं, ती आकसवणारं औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून सलाईन, आणि कुठे फाटलंय का, वारेचं काही आत राहिलंय का याची तपासणी. तरीही थांबलं नाही तर वरिष्ठांना हाक. २०२३ साली निकाल आला. लिटरभर किंवा त्याहून जास्त रक्त जाणं, रक्त थांबवायला पोट उघडावं लागणं किंवा त्यात मृत्यू होणं, हे तिन्ही मिळून ६० टक्क्यांनी घटलं. पूर्वीच्या पद्धतीत जवळपास निम्म्या पीपीएच नजरेतून सुटत होत्या. मापाचं कापड आल्यावर ९३ टक्के वेळीच ओळखू आल्या.

यात एकही नवं औषध नव्हतं. होती ती सगळी कपाटात पडून असलेलीच औषधं.

त्यातल्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रक्ताची बसलेली गाठ शरीरच विरघळवत असतं, हे औषध ती क्रिया रोखतं. उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी जोडप्याने ते १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलं. बाळंतिणींचे जीव वाचवायला ते कितपत कामी येतं याची मोठी चाचणी व्हायला मात्र अर्धं शतक जावं लागलं. २१ देशांतल्या २० हजार बायकांवरच्या त्या चाचणीचा निकाल २०१७ साली आला: पहिल्या तीन तासांत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात. उशीर होईल तसा फायदा घटतो, दर १५ मिनिटांना सुमारे १० टक्के. उताको ओकामोतो हा निकाल पाहायला राहिल्या नाहीत, त्या २०१६ साली गेल्या.

## पिशवी का काढली?

एवढं करूनही रक्त थांबत नाही, असं थोड्या बायकांच्या बाबतीत होतं. मग पिशवीत फुगा घालून आतून दाब देतात. त्याचे तयार फुगे महाग पडतात. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी रबरी नळीला कंडोम बांधून आणि त्यात सलाईन भरून तोच परिणाम साधला, आणि ती युक्ती गरीब देशांतल्या लेबर रूमपर्यंत पोचली. तेही पुरलं नाही तर पोट उघडून पिशवीला बाहेरून आवळणारे टाके घालतात, किंवा तिच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बांधतात. टाके घालण्याची एक पद्धत ख्रिस्तोफर बी-लिंच यांनी १९९७ साली प्रसिद्ध केली आणि तिने अनेकींची पिशवी वाचवली आहे.

याही पलीकडे गेलं तर गर्भपिशवी काढावी लागते. पंचविशीतल्या, पहिलटकरणीची पिशवी काढण्याचा निर्णय काही मिनिटांत घ्यायचा असतो. नातेवाइकांना तो क्रूर वाटतो आणि ‘आणखी वाट बघायला हवी होती’ असं नंतर म्हटलं जातं. पण जास्त वेळ वाहिलेलं रक्त गोठण्याची ताकदच गमावून बसतं, मग ऑपरेशन करूनही हाती काही लागत नाही. उशिरा काढलेल्या पिशवीपेक्षा वेळेवर काढलेल्या पिशवीने जास्त आया घरी गेल्या आहेत.

## ‘बाळंतिणीचं खराब रक्त जायलाच हवं’

हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. बाळंतपणानंतर काही आठवडे थोडं-थोडं जाणं स्वाभाविकच आहे, आधी लाल, मग फिकट. पण त्यात खराब असं काही नसतं. पहिल्या काही तासांत धो-धो जाणारं रक्त तर तिच्या हृदयातलंच, कामाचं रक्त असतं. ‘मोकळं होतंय, होऊ दे’ म्हणून सिस्टरला न बोलावणारी प्रेमळ सासूसुद्धा या समजुतीमुळे सुनेचा जीव धोक्यात घालते.

## ‘आजीची आठही बाळंतपणं घरीच झाली’

झाली, आणि त्या सुईणींच्या हातात कसबही होतं. पण ज्या आज्या गेल्या त्यांच्या नातवंडांना ही गोष्ट सांगायला आजीच उरली नाही. आकडे बघा. २००४ ते २००६ या काळात भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात १३०. २०१८ ते २०२० या काळात भारतात ९७ आणि महाराष्ट्रात ३३. दवाखान्यातली बाळंतपणं, वेळेवर मिळणारं रक्त, १०८ची गाडी, घरोघर फिरणाऱ्या आशाताई, या सगळ्यांचा हा मिळून झालेला परिणाम आहे.

## ‘त्यापेक्षा सिझेरियनच करा’

सिझेरियनमध्ये रक्त साधारणपणे जास्तच जातं. शिवाय आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर पुढच्या खेपेला वार रुजली तर ती स्नायूत रुतून बसू शकते, सुटतच नाही. अशी वार हा प्रसूतितज्ज्ञांच्या वाट्याला येणाऱ्या सगळ्यात कठीण प्रसंगांपैकी एक, आणि प्रत्येक सिझेरियनगणिक तिची शक्यता वाढते. गरज असेल तेव्हा सिझेरियन जीव वाचवतं. भीतीपोटी मागून घेतलं तर आजची काळजी पुढच्या बाळंतपणावर ढकलली जाते.

## चूक कोणाची?

मार्च २०२२मध्ये राजस्थानात, दौसा जिल्ह्यातल्या लालसोट इथे एक बाळंतीण अतिरक्तस्रावाने दगावली. नातेवाइकांनी रुग्णालयाबाहेर ठिय्या दिला. पोलिसांनी बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरबाईंवर खुनाचं कलम लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्महत्या केली.

फौजदारी गुन्ह्यासाठी डॉक्टरचा निष्काळजीपणा ढोबळ, गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, आणि पुढे जाण्याआधी तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलं होतं. तरीही हे घडलं.

मी डॉक्टरांची सरसकट पाठराखण करत नाही. बाळंतपणानंतर तासभर कुणी फिरकलंच नाही, रक्त मोजलं नाही, रक्तपेढी दूर असून वेळेत हलवलं नाही, तर जाब विचारलाच पाहिजे. पण पीपीएच सगळं नीट करूनही होतो. जाब विचारायची खरी जागा तिथल्या नोंदींत असते: इंजेक्शन किती वाजता दिलं, नाडी किती वेळा घेतली, किती रक्त गेलं, वरिष्ठांना कधी बोलावलं. हे लिहिलेलं असेल तर घरच्यांना न्याय मिळतो आणि डॉक्टरलाही. तालुक्याच्या गावात एकटीने लेबर रूम चालवणारी डॉक्टर जमावाच्या भीतीने अवघड केसेस घ्यायचंच सोडते, तेव्हा पुढच्या बाईला रक्त वाहत असताना जिल्ह्याच्या गावापर्यंतचा रस्ता कापावा लागतो.

## घरच्यांनी काय बघावं

सगळ्यात आधी हिमोग्लोबिन. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी आढळल्या. १२ हिमोग्लोबिन असलेली बाई जेवढं रक्त गेल्यावर उठून बसते, तेवढ्यात ७ असलेली कोसळते. लोहाच्या गोळ्या जेवणाबरोबर चहा न घेता, नियमाने घ्यायच्या. मळमळ झाली म्हणून बंद न करता डॉक्टरला सांगायचं. गोळ्यांनी भागत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, पण त्यासाठी सातव्या-आठव्या महिन्यातच कळायला हवं. नवव्यात कळलं तर हातात वेळ उरत नाही.

बाळंतपण जिथे करायचं तिथे रक्त कुठून येतं आणि किती वेळात येतं, हे आधी विचारा. रक्तगट माहीत असू द्या, दोन रक्तदाते तयार असू द्या, गट दुर्मिळ असेल तर आधीपासूनच. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, रक्त आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे, २०११पासून.

पहिले २४ तास दवाखान्यातून हलू नका, घरी पाहुणे थांबलेले असले तरी. घरी आल्यावरही सहा आठवडे सावध राहायचं. वारेचा राहिलेला तुकडा किंवा जंतुसंसर्ग यांमुळे आठ-दहा दिवसांनीही रक्त सुरू होऊ शकतं. तासाभरात पॅड पूर्ण भिजला, मोठ्या गाठी पडल्या, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती धडधडू लागली, घाणेरडा वास किंवा ताप आला, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. १०८ला फोन करा, तिला आडवं ठेवा, पाय उंच करा, पोट बेंबीखाली चोळत राहा, बाळाला छातीशी लावता आलं तर लावा, कारण बाळ चोखतं तेव्हा आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन तयार होतं आणि पिशवी आकसते. भिजलेले पॅड टाकू नका, पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरला किती रक्त गेलं याचा अंदाज त्यावरूनच येईल.